एकट्या वकिलाला संघ कशासाठी लागतो?

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी साडेदहापासूनच पक्षकारांची गर्दी होऊ लागते. काही काळापूर्वी त्या गर्दीतून निफाड तालुक्यातल्या एक पन्नाशीच्या बाई थेट बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या बसण्याच्या खोलीत आल्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबाराचे उतारे, फेरफार आणि वाटणीच्या दाव्यातल्या जुन्या तारखा लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या होत्या. आधीचे वकील कागद परत देत नाहीत आणि नवे वकील कागदांशिवाय काम हातात घेत नाहीत, तेव्हा वकील संघाने त्या आधीच्या वकिलांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तिथल्या एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगितले की सनद रद्द करणे संघाच्या हातात नाही. बाईंनी विचारले, "मग हा संघ आहे तरी कशाला?"

मी शेजारच्याच बाकावर होतो. अनेक वर्षे वकिली केल्यानंतरही या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येईना, आणि पुढे चौकशी केल्यावर लक्षात आले की सुशिक्षित माणसांच्या मनातही बार असोसिएशन, म्हणजे वकिलांचा संघ, आणि सनद देणारी बार कौन्सिल या दोन संस्थांची सरमिसळ झालेली असते. त्या सोडवून सांगण्यासाठी आधी वकील नावाच्या माणसाची स्थिती नीट समजून घ्यावी लागते.

वकील कुणाचा नोकर नसतो, आणि ही गोष्ट कायद्याने ठरवलेली आहे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि स्वतः एखादा धंदाही चालवता येत नाही. यामागचे कारण साधे आहे. ज्याचे वकीलपत्र घेतले त्याच्या बाजूने, पण न्यायालयाची दिशाभूल न करता, निर्भयपणे बोलणे हे वकिलाचे काम आहे. समोर उभा राहणारा पक्ष कधी पोलीस खाते असते, कधी महापालिका, कधी गावातला सर्वांत वजनदार माणूस, आणि कधी कधी खुद्द न्यायाधीशांच्या मताविरुद्ध बोलावे लागते. अशा माणसाचा पगार यांपैकी कुणाच्याही हातात असून चालणार नाही.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र वकील एकटा भरतो. महिन्याच्या एक तारखेला पगार नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. डेंग्यूने तीन आठवडे अंथरुणावर पडलेल्या वकिलाचे तीन आठवड्यांचे उत्पन्न बुडते, आणि त्याशिवाय त्याची मॅटर्स, म्हणजे प्रकरणे, न्यायालयात पुकारली जात असतात ती वेगळीच. नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींची पहिली काही वर्षे तर सिनियरच्या मागे फाइली घेऊन उभे राहण्यात आणि तारखा घेण्यात जातात, आणि त्यांतून घरभाडे निघेल याची खात्री नसते.

नाशिककरांना हे द्राक्षबागेच्या उदाहरणाने चटकन पटेल. छाटणी कधी करायची, फवारणी कोणती घ्यायची, हे बागायतदार स्वतः ठरवतो, कर्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असते आणि गारपिटीत बाग त्याच्या एकट्याची झोपते; तरीही व्यापारी पैसे बुडवून गेला किंवा निर्यातीचे नियम बदलले, तर एकट्याचे कुणी ऐकत नाही म्हणून तो बागायतदारांच्या संघात जातो. वकील संघाचा उगमही असाच, एकटेपणातून झालेला आहे. फरक एका ठिकाणी आहे. बागायतदारांचा संघ बागायतदारांसाठी असतो, तर वकिलाचे स्वातंत्र्य हे मुळात वकिलाच्या सोयीसाठी दिलेले नसून पक्षकारासाठी दिलेले आहे, त्यामुळे ते स्वातंत्र्य जपणाऱ्या संघावर पक्षकाराचाही काही हक्क पोहोचतो. लेखाच्या उत्तरार्धात हा मुद्दा पुन्हा येईल.

या व्यवस्थेची मुळे इंग्लंडमध्ये आहेत. तिथे बॅरिस्टर व्हायचे तर लंडनमधल्या लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एका संस्थेत दाखल व्हावे लागते, आणि त्या संस्थेने परवानगी दिली तरच बॅरिस्टरकी मिळते. तिथले बहुसंख्य बॅरिस्टर आजही स्वतंत्रपणे काम करतात. काही जण मिळून एक चेंबर्स चालवतात, जागेचे भाडे आणि कारकुनांचा पगार वाटून घेतात, पण कमाई वाटून घेत नाहीत. ज्याची फी त्याची. म्हणूनच एकाच चेंबर्समधले दोघे एकाच खटल्यात एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात. या सुट्या सुट्या माणसांच्या वतीने एका आवाजात बोलण्यासाठी १८९४ मध्ये तिथे बार कौन्सिलची स्थापना झाली.

संस्थेच्या हातात दरवाजा असला की काय होते, हे नाशिकच्या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची पदवी परीक्षाही दिली. परंतु स्त्रियांना बॅरिस्टर होण्याची मुभाच नव्हती. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने ती अडचण दूर झाली, भारतात १९२३ मध्ये स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला, आणि सोराबजी रीतसर वकील म्हणून उभ्या राहू शकल्या त्या वयाच्या पन्नाशीनंतरच. मधली सुमारे तीस वर्षे त्यांच्याकडे ज्ञान होते, अनुभव होता, फक्त सनद नव्हती. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर ग्रेज इनमध्ये शिकले, अभ्यास पूर्ण केला, पण १९०९ मध्ये त्यांच्या राजकीय मतांमुळे संस्थेने त्यांना बॅरिस्टरकी नाकारली. त्याच ग्रेज इनमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे १९३० मध्ये नेतृत्व केले तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे बॅरिस्टर होते. महात्मा गांधींना राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर इनर टेंपलने १९२२ मध्ये त्यांचे नाव काढून टाकले, ते परत घातले १९८८ मध्ये.

ही उदाहरणे इंग्रजी संस्थांना दूषणे देण्यासाठी मी सांगत नाही. व्यवसायात कोणाला घ्यायचे आणि कोणाला काढायचे ही सत्ता फार मोठी असते, आणि ती व्यवसायाचे हितसंबंध जपणाऱ्यांच्याच हातात असावी का, हा प्रश्न त्यांतून उभा राहतो. इंग्लंडने आपल्यापुरते त्याचे उत्तर काढले आहे. २००६ मध्ये तिथे बार स्टँडर्ड्स बोर्ड हे वेगळे मंडळ करण्यात आले. बॅरिस्टरांवर देखरेख आणि शिस्त त्या मंडळाकडे, आणि त्यांची बाजू मांडणे बार कौन्सिलकडे, अशी ती विभागणी आहे. माझ्या मते ही विभागणी योग्य आहे, कारण वकिलाचा कैवार घेणाऱ्यानेच त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा करायचा म्हटले, तर निवाडा कितीही प्रामाणिक असला तरी तक्रारदाराच्या मनातली शंका जात नाही.

आपल्याकडे विभागणी वेगळ्या रीतीने झाली. इंग्रजी अमदानीत बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार अशा नाना दर्जांचे लोक निरनिराळ्या न्यायालयांत काम करीत. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने देशभर अधिवक्ता हा एकच वर्ग ठरवला आणि प्रत्येक राज्यात कायद्याने स्थापन झालेली बार कौन्सिल आणली. आपली बार कौन्सिल महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांची मिळून एक असून तिचे कार्यालय मुंबईत आहे. तिचे सदस्य वकीलच मतदानाने निवडतात, राज्याचे महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतात, आणि सर्वांच्या वर दिल्लीत भारतीय बार कौन्सिल असते. सनद देणे, नावांची नोंद ठेवणे, गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणे ही कामे या कौन्सिलची. त्याच कायद्यात वकिलांचे हक्क आणि हितसंबंध जपणे हेही तिचेच कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे, म्हणजे इंग्लंडने जी दोन कामे वेगळी केली ती इथे एकाच छताखाली आहेत.

कौन्सिललाही कायद्याची वेस ओलांडता येत नाही. सनदेसाठी कायद्यात खुल्या प्रवर्गाला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये शुल्क ठरलेले असताना राज्याराज्यांत वेगवेगळ्या नावांखाली अनेक पटींनी जास्त रक्कम घेतली जात होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरवले. गरीब घरातली मुले वकिलीच्या उंबरठ्यावरच अडू नयेत, हे त्या निकालाचे सार मला फार महत्त्वाचे वाटते.

आता बार असोसिएशन, म्हणजे वकील संघ. हा कायद्याने निर्माण केलेला नसतो. एका न्यायालयात काम करणारे वकील एकत्र येतात, वर्गणी भरतात, संस्था नोंदवतात, आणि बार कौन्सिल तिला मान्यता देते. नाशिकला जिल्हा न्यायालयाचा संघ आहे, तसे तालुक्यांच्या न्यायालयांमधूनही संघ आहेत. सनद मुंबईहून येते, पण सनद घेतलेला माणूस रोज जिथे बसतो, जेवणाचा डबा उघडतो, पंखा बंद पडला म्हणून तक्रार करतो आणि सहकाऱ्याच्या निधनानंतर शोकसभेला उभा राहतो, ती जागा संघाची असते.

दोन्ही संस्थांमधला फरक हाताने चाचपून पाहायचा असेल तर एखादे वकीलपत्र समोर घ्यावे. वर पक्षकाराचे आणि वकिलाचे नाव, खाली पक्षकाराची सही किंवा अंगठा, आणि कागदावर दोन प्रकारची तिकिटे. एक न्यायालय शुल्काचे, ते सरकारजमा होते. दुसरे वकील कल्याण निधीचे. या दुसऱ्या छोट्या तिकिटाचा पैसा कायद्याने स्थापन केलेल्या निधीत जातो आणि वकिलाचा मृत्यू झाला, गंभीर आजार झाला किंवा त्याने वकिली सोडली तर ठरलेल्या नियमांप्रमाणे त्याला किंवा त्याच्या वारसांना मदत मिळते. भविष्य निर्वाह निधी नसलेल्या माणसांनी उभारलेली ही सोय आहे. या निधीचा कायदा महाराष्ट्रात १९८१ पासून आहे, केंद्राचा कायदा २००१ चा. वकिलाच्या सहीखाली त्याच्या सनदेचा क्रमांक असतो, तो बार कौन्सिलने दिलेला. एका कागदावर न्यायालय, कौन्सिल, निधी आणि पक्षकार असे सगळे भेटतात.

संघाचे रोजचे काम मात्र कागदावर दिसत नाही. ज्युनियर मुलाला घेता येणार नाहीत एवढे महाग कायद्याचे ग्रंथ संघाच्या ग्रंथालयात असतात. एखादे न्यायालय महिनोन्महिने रिकामे असले, नकला मिळायला उशीर होत असला, ई-फायलिंगची यंत्रणा सतत बंद पडत असली, तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊन ते सांगणारा माणूस लागतो. एकट्या वकिलाने सांगितले तर ज्या न्यायाधीशांसमोर उद्या युक्तिवाद करायचा त्यांच्याविषयीच तक्रार केल्यासारखे होते, म्हणून हे काम संघाचा अध्यक्ष करतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. अशा स्थलांतराच्या वेळी वकिलांनी बसायचे कुठे, महिला वकिलांना स्वतंत्र खोली कुठे, पक्षकारांना सावली आणि पाणी कुठे, या गोष्टी ज्याच्याशी बोलून ठरवायच्या असा पक्ष संघच असतो. आणि कधी मागणी याहून मोठी असते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे यासाठी तिथल्या सहा जिल्ह्यांतल्या वकील संघांनी कित्येक दशके पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते पीठ, सुरू झाले. मुंबईच्या फेऱ्यांमध्ये ज्यांचे दिवस आणि पैसे खर्च होत होते ते पक्षकारच होते, त्यामुळे त्या लढ्यात वकिलांचे आणि लोकांचे हित एकच होते.

ते एक नसते तेव्हा संघाची खरी परीक्षा होते. पहिला प्रसंग कामकाजावरील बहिष्काराचा. एखाद्या वकिलावर हल्ला होतो, संताप योग्य असतो, आणि संघ ठराव करतो की आज कुणी न्यायालयात उभे राहू नये. त्या दिवशी सुरगाण्याहून किंवा पेठहून पहाटेची एसटी धरून आलेला पक्षकार संध्याकाळी नुसती पुढची तारीख घेऊन परत जातो, आणि जामिनाच्या प्रतीक्षेत असलेला आणखी काही दिवस आत राहतो. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हरीश उप्पल यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही, निषेध पत्रक काढून, काळी फीत लावून किंवा आवाराबाहेर शांतपणे नोंदवावा. वकीलवर्गाची किंवा न्यायसंस्थेची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा अगदी विरळा प्रसंगीच एका दिवसापुरता अपवाद. जो वकील बहिष्काराला न जुमानता आपल्या पक्षकारासाठी उभा राहील त्याच्यावर संघाने कारवाई करू नये, हेही त्यातच आले.

दुसरा प्रसंग मला त्याहून गंभीर वाटतो. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर शहर पेटलेले असते आणि संघ ठराव करतो की या आरोपीचे वकीलपत्र कुणीही घेऊ नये. ठराव करणाऱ्यांचे दुःख खरे असते, त्यांच्यातल्या कुणाकुणाला पीडितेच्या वयाच्या मुली असतात, आणि लोकभावना त्यांच्या बाजूने असते. पण आठवा की संघ मुळात का स्थापन झाला. लोकांना नकोशा वाटणाऱ्या माणसाची बाजू मांडणारा वकील एकटा पडू नये म्हणून. त्याच संघाने त्या वकिलाला एकटे पाडले तर संघ आपल्या जन्माच्या कारणाविरुद्ध जातो. इंग्लंडमध्ये याविषयी एक जुना नियम आहे. टॅक्सीच्या रांगेतली पहिली गाडी जशी समोर आलेले प्रवासी नाकारू शकत नाही, तसा स्वतंत्र बॅरिस्टरही आपल्या क्षेत्रातले, आपल्या वेळेत बसणारे, योग्य फी मिळणारे काम माणूस आवडला नाही म्हणून नाकारू शकत नाही. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही जवळपास असेच लिहिले आहे की वकिलाने आपल्या दर्जाला आणि कामाच्या स्वरूपाला साजेशी फी मिळत असेल तर वकीलपत्र स्वीकारले पाहिजे, विशेष कारण असेल तरच नकार द्यावा. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात असे सगळे ठराव राज्यघटनेच्या विरुद्ध आणि रद्दबातल ठरवले. बचावाला वकील नसलेल्या आरोपीला दिलेली शिक्षा अपिलात टिकवणे अवघड जाते आणि खटला पुन्हा चालवावा लागला तर साक्षीसाठी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागते ते पीडितेच्या घरच्यांना, ही बाब त्या ठरावाच्या गर्दीत कुणी बोलत नाही.

आता निफाडच्या बाईंकडे परत येऊ, कारण त्यांच्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर राहिले आहे. वकिलाने कागद अडवले, पैसे घेऊन काम केले नाही, विरुद्ध पक्षाशी संगनमत केले, अशी तक्रार असेल तर तिचे ठिकाण मुंबईची बार कौन्सिल आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळासाठी सनद स्थगित करू शकते किंवा नावच नोंदीतून काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते, आणि निकालाविरुद्ध ६० दिवसांत आधी तिथे व नंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निर्णय दिल्यापासून ग्राहक आयोगाचा रस्ता उरलेला नाही, त्यामुळे कौन्सिलची समिती वेळेत आणि नीट चालणे आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. कागदांपुरते सांगायचे तर फी थकली असली तरी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवून दिलेले आहे. आणि फी देण्याची ऐपत नसलेल्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हे सगळे त्या ज्येष्ठ वकिलांनी बाईंना सावकाश समजावले, तक्रार अर्ज कसा करायचा तेही एका कागदावर लिहून दिले. नंतर त्यांनी मोबाइल काढला आणि बाईंच्या आधीच्या वकिलांना फोन लावला. बोलणे दोन मिनिटांचेच झाले. त्यात सनदेचा उल्लेख नव्हता, धमकी नव्हती. "बाई निफाडहून दोनदा आल्या आहेत, फीचे आपण नंतर बसून बघू, कागद आणि ना हरकत देऊन टाका," एवढेच ते म्हणाले. हा फोन करायचा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. एकाच बाररूममध्ये दोघेही वर्षानुवर्षे बसत होते, आणि उद्याही बसणार होते.

दुपारी तीनच्या सुमारास एक ज्युनियर मुलगा दोरी बांधलेली फाइल घेऊन आला. बाईंनी कागद एकेक करून मोजले, फेरफाराची नक्कल दोनदा पाहिली. नव्या वकील मॅडमनी वकीलपत्र भरून त्यांच्यासमोर ठेवले, बाईंनी अक्षर जुळवत सही केली, आणि मॅडमनी कल्याण निधीचे तिकीट बोटाने दाबून चिकटवले.